कॅशबॅक मिळतो, मग पैसे जातात कुठे?

चिंचवडच्या एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. दोघांचा मिळून पगार महिन्याला ६४ हजार. घरात त्या, मिस्टर, कॉलेजात जाणारा मुलगा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. कराडला वडील एकटे. त्या लिहितात, ‘पैसे वाचावेत म्हणून वर्षभरात फोनवर चौदा ॲप घेतली. रोज कुठे ना कुठे कॅशबॅक मिळतो, कूपन लागते, तरी वीस तारखेनंतर खात्यात हजार-दोन हजारच उरतात. मधेच १४९, १९९, २९९ असे पैसे कापले जातात, कशाचे ते कळत नाही. किराणा, भाजी, औषधे, रिचार्ज, बिले सगळे ॲपवरच चालते. कोणती ठेवू, कोणती काढू? आणि सुट्टे पैसे सोन्यात टाकणारे ॲप घेऊ का?’ सोबत दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपची दोन बिले आहेत. गेल्या महिन्यात अशा २३ ऑर्डर झाल्या, असेही त्यांनी मोजून लिहिले आहे.

नमस्कार ताई,

बिले पाठवलीत हे फार चांगले केलेत. नुसत्या पत्रावरून पन्नास गोष्टी सुचवता आल्या असत्या, पण गळती नेमकी कुठे आहे ते बिलांमुळे दिसले.

पहिले बिल समोर घ्या. भेंडी पाव किलो २४ रुपये, कोथिंबीर १६, ब्रेड ५०, दही ६२. माल झाला १५२ रुपयांचा. त्याखाली बारीक अक्षरात डिलिव्हरी २५, हँडलिंग ११, स्मॉल कार्ट (छोट्या ऑर्डरचे शुल्क) २०. तुम्ही भरले २०८. म्हणजे १५२ रुपयांच्या मालावर ५६ रुपये वरखर्च, शंभरामागे जवळजवळ ३७. बिलाच्या डोक्यावर ‘तुम्ही १८ रुपये वाचवले’ अशी हिरवी पट्टी आहे. ते १८ रुपये छापील किमतीवरून मोजलेले आहेत, वरखर्च त्यात धरलेलाच नाही.

दुसऱ्या बिलात तुम्ही सावध होतात. हवा होता १३८ रुपयांचा माल, पण १९९ च्या पुढे गेले की डिलिव्हरी फुकट, म्हणून ७५ रुपयांचे वेफर्स आणि चॉकलेट टाकलेत. माल २१३, हँडलिंग ११, एकूण २२४. तेच वेफर्स न घेता डिलिव्हरीसकट सगळे शुल्क भरले असते तर १३८ आणि ५६ मिळून १९४ झाले असते. डिलिव्हरी वाचवायला ३० रुपये जास्त गेले आणि घरात नको असलेला खाऊ आला. असे महिन्यात २३ वेळा होते आहे. पगार पुरत नाही तो इथे, ताई. चौदा ॲपपैकी निम्मी तशी निरुपद्रवी आहेत.

म्हणून पहिले काम असे करा. येत्या रविवारी त्या ॲपमधली जुन्या ऑर्डरची यादी उघडा आणि वहीत तीन रकाने आखा: मालाची किंमत, वरखर्च, आणि घरून ठरवून न घेतलेली वस्तू. २३ ऑर्डर भरायला अर्धा तास लागेल. तिसऱ्या रकान्याची बेरीज मिस्टरांनाही दाखवा, कारण रात्री साडेदहाची आइस्क्रीमची ऑर्डर बहुतेक घरांत एकट्या बाईची नसते.

मग महिन्यातून किती वेळा मागवायचे ते ठरवून घ्या. ही झटपट ॲप महिन्यात चार वेळाच, आणि तीही खरी अडचण असेल तेव्हा: पाहुणे अचानक आले, रात्री ताप आला आणि ओआरएस हवे, गॅसवर आमटी आहे आणि मीठ संपले. उरलेल्या सामानाचे दोन भाग करा. कोरडा किराणा महिन्यातून दोनदा, पगारानंतर आणि अठरा-वीस तारखेच्या आसपास, एकाच मोठ्या ऑर्डरने. भाजी, दूध, ब्रेड मंडईतून किंवा घराजवळच्या दुकानातून. मोठ्या ऑर्डरसाठी बिगबास्केट, डीमार्ट रेडी, जिओमार्ट यांपैकी दोन ॲप पुरतात. दोन एवढ्यासाठी की एकाच यादीची अंतिम रक्कम दोन्हीकडे पाहता यावी. तिसरे ॲप घेतले की तुलनेतच तास जातो आणि वाचतात वीस रुपये.

यादी कुठे करायची? व्हॉट्सॲपवर घरच्यांचा एक गट करा, त्याला ‘सामान’ नाव द्या. डबा रिकामा झाला की ज्याला दिसले त्याने तिथे लिहायचे: साबुदाणा, हिंग, भांड्यांचा साबण. ऑर्डरच्या दिवशी तो गट उघडायचा आणि त्यात आहे तेवढेच टाकायचे. ॲप आधी उघडून मग काय हवे ते आठवायला गेलात की पहिली चार मिनिटे ऑफरच दिसतात. सामान टाकून झाले की लगेच पैसे भरू नका. कार्ट रात्रभर तसेच ठेवा आणि सकाळी पुन्हा एकदा पाहा. दोन-तीन वस्तू सहज बाहेर येतात.

आता भावाची तुलना कशी करायची ते नीट सांगतो, कारण बहुतेक जण इथेच फसतात. ॲपवर दोन तेलाच्या पिशव्या शेजारी दिसतात. एक १४८ रुपयांना, दुसरी १४२ ला. आपण १४२ वाली उचलतो. चित्र मोठे करून वजन वाचा. पहिलीवर १ लिटर, ९१० ग्रॅम लिहिलेले असते, दुसरीवर नुसते ८५० ग्रॅम. फोनच्या कॅल्क्युलेटरवर किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार करा. पहिली किलोला १६२ रुपये ६० पैसे पडते, दुसरी १६७ रुपये. दिसायला सहा रुपयांनी स्वस्त असलेली पिशवी किलोमागे साडेचार रुपयांनी महाग निघाली. (हे भाव हिशेब दाखवण्यापुरते घेतले आहेत, तेल रोज वरखाली होते.) साबणाची वडी, बिस्किटांचा पुडा, चहा, धुण्याची पावडर, सगळीकडे हेच चालते. किंमत तीच ठेवून वजन घटवलेले असते आणि ॲपच्या छोट्या चित्रात ते कळत नाही.

यासाठी कायद्याने एक सोय केली आहे, तिचा वापर मात्र फार थोडे लोक करतात. पाकीटबंद वस्तूवर छापील किमतीजवळ एका ग्रॅमची किंवा मिलिलिटरची किंमत छापलेली असते, आणि माल किलोपेक्षा जास्त असेल तर किलोची. ॲपवर मागच्या बाजूचा फोटो उघडला की ती दिसते. दोन पाकिटांचे हे आकडे ताडून पाहा. मात्र हे आकडे छापील किमतीवरचे आहेत. एकावर सवलत असेल तर हिशेब पुन्हा कॅल्क्युलेटरवरच करावा लागतो. मोठा पॅक नेहमी स्वस्त पडतो हाही भरवसा धरू नका. चहाचा पाव किलोचा पुडा १४० रुपयांना आणि किलोचा ५४० ला असेल तर किलोमागे फरक फक्त २० रुपयांचा आहे, आणि किलोभर चहा तीन महिने डब्यात राहून वास घालवून बसतो. तांदूळ, साखर, साबण मोठे घ्या. मसाले, रवा, सुकामेवा पावसाळ्यात तर छोटेच बरे.

पैसे भरायच्या आधीचा शेवटचा पडदा वरपासून खालपर्यंत सरकवून पाहायची सवय लावा. आधीच टिक केलेली टीप, देणगी, ‘डिलिव्हरी प्रोटेक्शन’, एक रुपयाचे सॅम्पल, असे काही असेल तर काढून टाका. न विचारता कार्टमध्ये वस्तू किंवा शुल्क घुसवणे, शुल्क अगदी शेवटी उघड करणे, ‘नको’ म्हणणाऱ्याला ओशाळवाणे वाटेल असे बटण ठेवणे, सदस्यत्व बंद करणे मुद्दाम अवघड करणे, या सगळ्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. असे तेरा प्रकार त्यात दिले आहेत. तुमच्या बाबतीत घडले तर त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढा, ॲपच्या मदत विभागात तक्रार करून तिचा क्रमांक घ्या, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. खराब भाजीचा परतावा मागतानाही फोटो त्याच दिवशी काढलेला हवा. परतावा कुठे हवा असे विचारले तर ‘ज्या खात्यातून भरले तिथे’ निवडा. ॲपच्या वॉलेटमध्ये घेतलात की ते पैसे पुन्हा तिथेच खर्च करावे लागतात.

कॅशबॅकबद्दल. बँकेच्या खात्यात जमा होतो तेवढाच धरा. कॉइन, पॉइंट, ‘पुढच्या ऑर्डरवर ५० रुपये’ हे सगळे हिशेबातून वगळा. त्यांना मुदत असते, किमान रकमेची अट असते आणि ते वापरायला आणखी एक ऑर्डर करावी लागते. स्क्रॅच कार्डात दहा वेळा चष्म्याचे कूपन निघते हे तुमच्याही लक्षात आले असेल. एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना, सासूबाईंनाही, सांगून ठेवा: पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. कॅशबॅक घ्यायला पिन मागितला तर पैसे जाणार आहेत, येणार नाहीत. चुकून गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा. जितका उशीर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकलेली असते.

आता त्या १४९, १९९, २९९ कडे वळू. ही यूपीआय ऑटोपेची करामत दिसते. ‘एक रुपयात सात दिवस’ अशी चाचणी घेताना आपण पिन टाकतो, तेव्हा तो पिन एका रुपयाला नसतो, पुढे दरमहा पैसे कापायच्या परवानगीला असतो. त्या पडद्यावर ‘जास्तीत जास्त ४९९, दरमहा’ असे लिहिलेलेही असते, पण तिथे कोणी थांबत नाही. तुम्ही ज्या यूपीआय ॲपवरून व्यवहार करता त्यात आपल्या फोटोच्या किंवा प्रोफाइलच्या चिन्हावर जा, ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ शोधा. चालू असलेल्यांची यादी येईल, प्रत्येकापुढे कंपनीचे नाव, रक्कम आणि पुढची तारीख. नको ते उघडून रद्द करा, पिन टाका. तुमच्याकडे दोन-तीन यूपीआय ॲप आहेत, तेव्हा प्रत्येकात वेगळे पाहा, कारण एकात दिलेली परवानगी दुसऱ्यात दिसेलच असे नाही. मग प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलवर जाऊन ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ पाहा. प्ले स्टोअरमार्फत घेतलेली सदस्यत्वे तिथे सापडतात.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे ॲप फोनवरून काढून टाकणे आणि निश्चिंत होणे. ॲप गेले तरी परवानगी बँकेकडे जिवंत राहते आणि पैसे कापले जातच राहतात. आधी सेवा बंद करा, मग ऑटोपे रद्द करा, शेवटी ॲप काढा, याच क्रमाने. आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी असा नियम आहे. ती एसएमएसने येते आणि जाहिरातींच्या ढिगात दडते. ‘मँडेट’ हा शब्द एसएमएसमध्ये शोधून पाहा, मागच्या वर्षाचा इतिहास सापडेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरते लिहिले आहे की किराण्याच्या ॲपमधले ‘पे लेटर’ चालू आहे आणि ३,४०० रुपये थकले आहेत. आमच्या मते पत्रातला सर्वांत गंभीर मजकूर हाच आहे. पे लेटर हे कर्ज आहे, आणि हप्ता चुकल्याची नोंद क्रेडिट अहवालात जाऊ शकते. उद्या मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात की बँक तोच अहवाल उघडेल. या महिन्यात बाकी काही जमले नाही तरी चालेल, ही रक्कम पूर्ण भरा. मग सेटिंगमध्ये जाऊन ती सोय कायमची बंद करा, बंद झाल्याचा संदेश जपून ठेवा आणि साठवलेली कार्डेही काढून टाका. पैसे भरताना दर वेळी पिन टाकावा लागला तर हात क्षणभर थांबतो, आणि तो क्षण कामाचा असतो.

किरकोळ खर्चाला आवर घालायला यूपीआय लाइट फार उपयोगी आहे. लोक ते वेगासाठी वापरतात, तुम्ही पाकीट म्हणून वापरा. तुमच्याच यूपीआय ॲपमध्ये लाइट सुरू करा आणि दर सोमवारी त्यात ठरावीक रक्कम भरा. भाजी, दूध, रिक्षा, चहा यांसाठी तुमच्या घराला १,२०० पासून सुरुवात करता येईल. एका वेळी १,००० पर्यंतचा खर्च त्यातून होतो आणि एकूण ५,००० पर्यंत ठेवता येतात. शुक्रवारी दोनशेच उरले की आपोआप कळते की शनिवारी बाहेरचा वडापाव नको. पूर्वी डब्यात आठवड्याचे पैसे ठेवत, तसेच हे. फक्त ‘ऑटो टॉप-अप’ चालू असेल तर आधी बंद करा. ते चालू राहिले तर पाकीट रिकामे होतच नाही आणि सगळा उपयोग वाया जातो. लाइटमधून पैसे देताना पिन लागत नाही, तेव्हा फोनला लॉक हवाच. फोन बदलण्याआधी लाइट बंद करून शिल्लक खात्यात परत घ्या. आणि लाइटमधला प्रत्येक खर्च पासबुकात उमटत नाही, तिथे फक्त सोमवारी भरलेली रक्कम दिसते. तपशील हवा तर ॲपमध्ये पाहायचा.

मुलाला तुम्ही मागेल तसे पैसे पाठवता. त्याऐवजी यूपीआय सर्कल करून पाहा. तुमच्या खात्यातून तो खर्च करेल, पण मर्यादा तुम्ही ठरवाल. पूर्ण अधिकार दिलात तर महिन्याला कमाल १५,००० आणि एका वेळी ५,००० ची वरची मर्यादा आहे. तुम्ही महिन्याची मर्यादा २,००० ठेवा. दुसरा प्रकार असा की तो क्यूआर स्कॅन करेल आणि प्रत्येक वेळी तुमच्याकडे मंजुरी येईल. एकोणीस वर्षांच्या मुलाला वडापावसाठी आईची परवानगी घ्यायला लावू नका. पहिला प्रकारच द्या, आणि महिना संपायच्या आधी पैसे संपले तर संपू द्या.

त्याच्या बसचे म्हणाल तर पास काढण्याआधी हिशेब करा. पीएमपीएमएलच्या (पुण्याच्या शहर बससेवेच्या) जून २०२५ च्या दरवाढीनंतर पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतला दैनंदिन पास ७० रुपयांचा आणि महिन्याचा सर्वसाधारण पास १,५०० रुपयांचा झाला. एका बाजूचे तिकीट ३० असेल तर जाऊन-येऊन ६० होतात, म्हणजे दोनच फेऱ्यांसाठी दैनंदिन पास तोट्याचा. तिसरी बस धरली तर फायद्याचा. महिन्यात बावीस दिवस कॉलेज असेल तर तिकिटांचे १,३२० होतात, मग १,५०० चा पास कशाला? विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासाची चौकशी मात्र जरूर करा. मेट्रोने जात असेल तर ‘एक पुणे विद्यार्थी पास’ कार्डावर भाड्यात ३० टक्के सवलत आहे. तिकीट आणि बस कुठवर आली हे ‘आपली पीएमपीएमएल’ ॲपमध्ये दिसते. ते ठेवा. बस येईना म्हणून रिक्षा केली, हा खर्च त्याने कमी होतो.

महावितरणच्या वीजबिलात मोठी रक्कम वाचत नाही, पण जी वाचते ती नक्की वाचते. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरले तर कर वगळून उरलेल्या रकमेवर एक टक्का सूट, ऑनलाइन भरल्याबद्दल पाव टक्का, आणि कागदी बिल बंद करून ‘गो ग्रीन’ घेतले तर बिलामागे १० रुपये. दीड हजाराच्या बिलावर महिन्याला पंचवीस-सव्वीस रुपये, वर्षाला तीनशे. गो ग्रीनच्या नोंदणीसाठी छापील बिलाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जीजीएन नावाचा १५ अंकी क्रमांक असतो, तो लागतो. कागद बंद झाल्यावर बिल आलेच कळले नाही आणि मुदत टळली, असे बऱ्याच घरांत होते. उशिराचा सव्वा टक्का आकार लागला की सूटही जाते आणि वरून भुर्दंड बसतो. महावितरणचे ॲप ठेवा आणि बिल साधारण ज्या तारखेला येते त्या तारखेचा गजर फोनमध्ये लावा.

रिचार्जचा हिशेब दिवसावर करा. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. २९९ चा २८ दिवसांचा असेल तर दिवसाला १० रुपये ६८ पैसे पडतात. ८५९ चा ८४ दिवसांचा असेल तर १० रुपये २३ पैसे. घरात वायफाय असेल तर रोजच्या डेटाची गरज किती ते कंपनीच्या ॲपमध्ये वापराचा आलेख पाहून ठरवा. दोन जीबी घेऊन रोज तीनशे एमबी वापरणारे खूप आहेत. कराडला वडिलांकडे साधा बटणांचा फोन आहे आणि तुम्ही त्यांना डेटाचे रिचार्ज मारता. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानंतर कंपन्यांना फक्त बोलणे आणि एसएमएस असलेले प्लॅन ठेवावे लागतात. ते पहिल्या पानावर दिसत नाहीत, ‘व्हॉइस ओन्ली’ किंवा ‘व्हॅल्यू’ अशा विभागात खाली असतात. तिथून घ्या, आणि कंपनीच्याच ॲपवरून घ्या. यूपीआय ॲपवर रिचार्जला वर दोन-तीन रुपये लागू शकतात.

सुट्टे पैसे सोन्यात टाकणारे ॲप आम्ही सुचवणार नाही. डिजिटल सोने घेतानाच ३ टक्के जीएसटी जातो, घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात अंतर असते, आणि हे उत्पादन आपल्या नियमनाखाली येत नाही असे सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. दहा-वीस रुपये रोज बाजूला पडतात हे मनाला बरे वाटते, पण तेच पैसे बँकेच्या ॲपमधून आवर्ती ठेवीत टाका. पगाराच्या दुसऱ्या दिवशी हजार रुपये आपोआप वळते होतील असे लावा, वीस तारखेची वाट पाहू नका. आधी अर्थातच पे लेटर.

राहिली सासूबाईंची औषधे. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांवर महिन्याला १,६०० जातात आणि औषधांच्या ॲपवर १८ टक्के सूट मिळते म्हणून तुम्ही समाधानी आहात. इथे याहून बरेच जास्त वाचू शकते. ‘जनऔषधी सुगम’ हे सरकारी ॲप घ्या. त्यात जवळचे जनऔषधी केंद्र, म्हणजे ब्रँडशिवायची स्वस्त औषधे विकणारे सरकारी योजनेतले दुकान, नकाशावर दिसते आणि औषधाचे मूळ नाव टाकले की तिथली किंमत आणि बाजारातल्या ब्रँडची सरासरी किंमत शेजारी-शेजारी येते. ही औषधे नामांकित ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्क्यांनी स्वस्त असतात.

ब्रँडचे नाव तिथे शोधू नका, सापडणार नाही. गोळ्यांची पट्टी उलटी करा आणि घटक जसाच्या तसा वहीत उतरवा, मिलिग्रॅमसकट: टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००. त्यापुढे एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरे असतील तर तीही लिहा. ती गोळी पोटात हळूहळू विरघळणारी असते, तिच्या जागी साधी गोळी चालत नाही. एका गोळीत दोन औषधे असतील तर दोन्हींची नावे आणि दोन्हींचे प्रमाण लिहा. सासूबाईंच्या पट्ट्यांमध्ये अशी एक असण्याची शक्यता मोठी आहे. हा कागद पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे न्या आणि ‘यातले कोणते जनऔषधीतून घेऊ?’ असे सरळ विचारा. थायरॉइडच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा ब्रँड डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुळीच बदलू नका. तिथे थोडासा फरकही महागात पडतो.

केंद्रात जाण्याआधी फोन करा, कारण एखादे औषध संपलेले असणे नेहमीचे आहे. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. पहिल्यांदा पंधरा-वीस दिवसांचीच घ्या, तीन महिन्यांची नको, आणि जुन्या गोळ्या पूर्ण संपण्याआधी घ्या, म्हणजे केंद्रात नसल्या तर खंड पडणार नाही. नवी गोळी सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. त्या दिवसापासून दोन आठवडे सासूबाईंचा रक्तदाब एक दिवसाआड सकाळी, चहाच्या आधी, पाच मिनिटे शांत बसवून मोजा आणि आकडे त्याच वहीत लिहा. साखर उपाशीपोटी आठवड्यातून एकदा. आकडे पूर्वीसारखे राहिले तर पुढच्या महिन्यापासून पूर्ण महिन्याची औषधे घ्या. वर-खाली झाले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मनाने गोळी वाढवू नका, जुनीही सुरू करू नका.